एका श्वासातली ओळ

घाटमाथा, ता. अकोले
४ नोव्हेंबर २०२४

चि. सारास दादाचे अनेक आशीर्वाद.

इथं मोबाईलला रेंज नाही, म्हणून दुधाच्या टेम्पोवाल्याकडे पत्र देतो आहे. दम लागणाऱ्या भावाला श्वासाच्या शिबिरासाठी डोंगरावर नेतात म्हणून तू रडत होतीस. अगं, उंची बेताची आहे, हवा स्वच्छ आहे, आणि चालताना बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात. तरी परवा चढावर मला घेरी आलीच. व्यायाम घेणाऱ्या पूजाबाईंनी कारण शोधलं. मी श्वास कोंडून चालत होतो. उभा जन्म चर्चमध्ये प्रत्येक ओळ एका दमात म्हटली, तीच खोड चालण्यात आली.

ओठांचा चंबू करून श्वास सोडत राहा आणि गातानाही ओळ मध्येच तोडा, असं त्या सांगतात. बाबा असते तर ओळ तोडली म्हणून मला घराबाहेर काढलं असतं. तुझ्या एंजलच्या लग्नातलं मामाचं गीत तिच्या भावाला, मार्कला म्हणू दे. तुटकं गाऊन मी हसं करून घेणार नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा दादा, अब्राहाम

सावेडी, नगर
१२ नोव्हेंबर २०२४

ति. दादास सारेचा सलाम वि. वि.

तुझं पत्र ऐकून एंजल ताटावरून उठली. आपल्यात नवरीला आशीर्वादाचं गीत मामानंच म्हणायचं असतं, आणि तिला दुसरा मामा मी कुठून आणू? मार्क म्हणतो, पेटीवर बसेन, पण बहिणीच्या मामाची जागा घेणार नाही. लोकांना तुझ्या दमाचं कौतुक. बेकरीच्या भट्टीपुढे छाती घालवूनही तू दर रविवारी ताठ उभा राहतोस, मला त्याचाच अभिमान वाटत आला आहे. आता रुसू नकोस, औषध वेळेवर घे.

माया अशीच राहू दे.
तुझी सारा

घाटमाथा
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सारास आशीर्वाद.

इथं पारनेरच्या आक्काबाई आहेत. चुलीच्या धुरानं त्यांची छाती गेली. चढावर खुशाल थांबतात, कमरेवर हात ठेवून दरी बघतात, मग निघतात. लाज वाटत नाही का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, लाज कशाची, आमी काय चोरी केली व्हय. बाई लई खंबीर आहे. तिच्या मागून चालत काल मी टेकडीच्या माथ्यावर पोचलो. तिथं गीत म्हणून पाहिलं. ओळ तुटली. आक्काबाईंना ते आवडलं, पण आपल्या चर्चच्या मंडळीच्या कानाला ती तूट कळेलच. लग्नाला येईन, गाण्याचं वचन देत नाही.

सर्वांना सलाम, लोभ असू द्यावा.
अब्राहाम

सावेडी, नगर
२० जानेवारी २०२५

सौ. पूजाताईंना सलाम वि. वि.

दादा लाजून काही कळवणार नाहीत, म्हणून मीच लिहिते. लग्नात चर्चच्या पाळकसाहेबांनी गीतासाठी नाव घेतल्यावर ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग नवरीकडे बघितलं आणि उभे राहिले. पहिल्याच ओळीत मध्ये थांबले. मार्कनं पेटीचा सूर धरून ठेवला. दादांनी ओठांचा चंबू करून श्वास सोडला, पुरता घेतला आणि ओळ पुरी केली. सगळं कडवं असंच म्हटलं.

पुढच्या कडव्यापासून आमच्यात सगळी मंडळी साथ देते. ते जिथं थांबले, तिथं सगळं चर्च थांबलं. सगळ्यांनी त्यांच्याबरोबर श्वास घेतला आणि पुढचे शब्द एकदम उचलले. इतकं मोठं गाणं मी आमच्या चर्चमध्ये आजवर ऐकलं नव्हतं.

आमच्यावर कृपा राहू द्या.
आपली, सारा