कात्री चोचीचं पिल्लू

ता. ४ एप्रिल

चि. ताईस बाबांचे पुष्कळ आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघा बरा नाही, पण तो आता बरा होण्यातला राहिला नाही. तू सांगितलंस तसा गॅस रोज दोनदा बघतो. तिसऱ्यांदाही बघतो. जावईबापूंचा खोकला थांबला का? हे फोनवर विचारता आलं असतं, पण फोन हातात आला की मला काही सुचत नाही आणि तू "बाबा, ठेवू का?" म्हणतेस. कागद तसं म्हणत नाही.

बातमी एकच. तुझ्या आईच्या तांबड्या कोंबडीने सात पिल्लं काढली. आई असती तर सातांचीही नावं पाडून झाली असती. सहा ठणठणीत आहेत. सातव्याची चोच वाकडी आहे. वरची डावीकडे, खालची उजवीकडे, कात्री अर्धी उघडी राहावी तशी. दाणा टिपायला जातं आणि नुसती जमीन टोचत राहतं. मी त्याला कात्रीच म्हणतो.

उबवणी केंद्रात माझं काम काय होतं ते तुला ठाऊक आहे. एकतीस वर्षं पिल्लं निवडली. चांगलं पेटीत, वाकडं बादलीत. बघावंही लागायचं नाही, हातालाच कळायचं. या पिल्लाला उचललं तेव्हाही हात बादलीकडे गेला. बादलीत कपडे भिजत होते म्हणून वाचलं, असं समज.

कात्रीला हाताने भरवावं लागतं. भरवणं मला जमत नाही, हे तुला माहीत नाही. असो.

तुझा,
बाबा

ता. १९ एप्रिल

चि. ताई,

परवा तू फोनवर म्हणालीस, "एका पिल्लासाठी दिवसभर बसता. आईसाठी असे बसला असतात तर त्या बाईची गरजच पडली नसती." मग लगेच म्हणालीस, "राहू दे बाबा, माझंच डोकं फिरलंय." राहू दे कसं? बरोबर बोललीस.

कात्रीचं सांगतो. पहिल्या दिवशी मी पिठाचं पाणी करून ड्रॉपरने तिच्या चोचीत सोडलं. तिला ठसका लागला. मान टाकली, डोळे पांढरे झाले. उलटं धरून थोपटलं तेव्हा कुठे श्वास आला. गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर मला म्हणाला, "काका, पातळ का दिलंत? वरून का ओतलंत? जिवाला गिळायला सवड द्या की जरा!" मी मान खाली घालून ऐकलं. हे सगळं मला आधी एकदा सांगितलेलं होतं.

आता घट्ट कालवतो, खोल वाटीत. ती खालच्या चोचीने खरवडून घेते. एक घास, मग दहा आकडे, मग दुसरा घास. ही रीत माझी नाही, लगबगबाईची आहे. आईचं अर्धं अंग गेल्यावर आपण ठेवलेली ती मदतनीस जिना धावतच चढायची, म्हणून आईनेच तिला ते नाव पाडलं. पण चमचा हातात आला की बाई दगडासारखी स्थिर. आईला उशीला टेकून बसवायची, चांगल्या बाजूच्या गालात घास ठेवायची आणि दहा मोजायची. आई लुळ्या ओठाने म्हणायची, "झाली माझी शाळा सुरू."

तू तिला चार-पाच वेळाच पाहिलंस, तेही धावताना.

खिडकीची कडी बसवून घेतली. काळजी करू नको.

बाबा

ता. ४ मे

चि. ताई,

कात्री गेली. काल सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात सापडली. पाच आठवडे टिकली. गळ्याखालची पिशवी भरलेली होती, म्हणजे उपाशी गेली नाही. ठसक्यानेही नाही. अंगच धरत नव्हती. ती होती तोवर मला तिच्याआड लपता येत होतं. आता लिहितो.

आईचं शेवटचं दुखणं सुरू झालं त्या सकाळी लगबगबाई घरात नव्हती. मीच तिला औषधाच्या दुकानात पिटाळलं होतं. ती म्हणाली, "काका, आधी भरवते, मग जाते. तुम्ही घाई कराल." मी म्हणालो, "चाळीस वर्षं संसार केलाय मी हिच्याशी, मला शिकवू नकोस." दहा वाजता केंद्राच्या जुन्या कामगारांचा फोटो काढणार होते. मला पहिल्या रांगेत खुर्ची हवी होती. घट्ट शिजवून निववायला वेळ लागला असता, म्हणून मी आईला चहा पाजला. आडवी असतानाच. कपाने. ती खोकायला लागली. मी तोंड पुसलं, "बाई येईलच," म्हणालो आणि चपला घातल्या. ती खोकता खोकता माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी ताप भरला, चौथ्या दिवशी सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, खाणंपिणं फुप्फुसात गेलं. तू दवाखान्याच्या जिन्यात त्या बाईवर ओरडलीस, "नावच लगबग! कोंबलं असेल घाईघाईने!" ती माझ्याकडे बघत राहिली. मी वाकून चपलेचा पट्टा लावत बसलो. तो लागलेलाच होता. मग तू तिच्या संस्थेत तक्रार केलीस आणि त्यांनी तिचं नाव यादीतून काढलं.

फोटो आलाय. मी पहिल्या रांगेत आहे. हसतोय.

काल कात्रीला पुरलं आणि बाईला शोधत गेलो. ती एका लॉन्ड्रीत इस्त्री करते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मला माहीत आहे, काका. उशी चहाने भिजली होती. मीच अभ्रा धुतला."

"मग बोलली का नाहीस?"

तिने इस्त्री उभी ठेवली. "ताईंची आई गेली होती. त्याच दिवशी बापही काढून घेऊ त्यांचा?"

मग मी तिला कात्रीचं सांगितलं. ती म्हणाली, "नीट भरवूनही जातात काही." मला सोडवायला बोलली. पण ताई, मी नीट भरवलं नव्हतं.

तिने काही मागितलं नाही. मी मागतो. सोबत संस्थेसाठी खरं लिहून दिलेला कागद आहे, खाली माझी सही आहे. तक्रार तुझ्या नावाची, म्हणून तुझ्या सहीशिवाय ते मागे घेणार नाहीत. तेवढी सही करून लगेच पाठव. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव. फोन वाजला नाही तर मी समजेन. गॅस बघत जाईन.

तुझ्या आईला शेवटचा घोट पाजणारा,
तुझा बाबा