सव्वादोन ते तीन

मी, अंबादास किसन वाकोडे, वय ५७, व्यवसाय लेथकाम, राहणार सदनिका ४, तळमजला, मैत्री सोसायटी, नाहूर, हे पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुरुवारी माझी बायपास आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. मी म्हणतो, आधी माप, मग काप. वकील केलेला नाही. लेथसुद्धा मला कोणी शिकवला नव्हता.

कलम १. भांडुपचा गाळा दोन्ही लेथसह जावई प्रबुद्ध यास. मायक्रोमीटर मात्र मुलगी दर्शना हिला. प्रबुद्ध तो तेलकट हाताने धरतो, सांगून थकलो.

कलम २. राहती सदनिका दर्शनाला, कलम ५ सांभाळून.

कलम ३. निळी वही दर्शनाला. ही वही काय आहे ते तिला पुरतं माहीत नाही, म्हणून लिहितो. दर्शना लहान असताना मी पहिल्या पाळीत, तिची आई मालन दुसऱ्या पाळीत. पाळणाघराची फी दिली तर मालनच्या पगारातून फक्त रिक्षाभाडं उरलं असतं. म्हणून एकाने यायचं, दुसऱ्याने जायचं. कारखान्यात पाळी बदलताना पुढच्या माणसासाठी वहीत लिहून ठेवतात, तसंच आम्ही मुलीचं लिहायचो. मालन : '११.४० भात खाल्ला. कावळ्याला ये म्हणाली.' मी : '४.१० पंख्याकडे बोट. का फिरतो, हे तिला विचारायचं असावं.' दर्शनाचं पहिलं पाऊल मालनच्या पाळीत पडलं. मी ते वाचलं.

मालन सव्वादोनला निघायची, मी तीनला पोचायचो. मधला पाऊण तास मूल समोरच्या द्रौपदीताईंकडे. वहीत चार वर्षं हा रकाना कोरा आहे. कोरा रकाना मला सहन होत नाही. मी कितीदा विचारलं, "ताई, या वेळात ही काय करते?" त्या हसायच्या, "तुला रे कशाला?" मालन गेली, चाळ जाऊन सोसायटी झाली, ताई पुन्हा समोरच आल्या, तरी उत्तर नाही.

कलम ४. बाहेरच्या खोलीत मुलं सांभाळायची गोष्ट मी काढली, तेव्हा सेक्रेटरी श्री. निहार दातार यांनी 'इमारत राहण्यासाठी आहे, लेकरांचा बाजार भरवण्यासाठी नाही' अशी नोटीस माझ्या दारावर चिकटवली होती. ती माफ. त्यांच्या सुनेने परवा जिन्यात हळूच विचारलं, "काका, आमच्या मिहिरला घ्याल ना?" घेणार.

कलम ५. दर्शना लॅबमध्ये तपासनीस आहे. नात अस्मिता सात महिन्यांची. रजा तीस तारखेला संपते. गेल्या आठवड्यात दर्शनाने राजीनामा टाईप करून आणला. "बाबा, फी भरून हातात काय उरतं माहितीये? रिक्षाभाडं." अठ्ठावीस वर्षांनी तोच हिशेब, माझ्याच घरात. तिने तो राजीनामा देऊ नये, एवढ्यासाठी हे कलम. <s>बाहेरच्या खोलीत अस्मिता व इमारतीतली पाच मुलं दिवसभर राहतील. शेजारधर्म म्हणून द्रौपदीताई त्यांना सांभाळतील.</s>

वरची दोन वाक्यं मीच खोडली आहेत. बाजूला सही आहे. कारण असं, की ती लिहीत असतानाच ताई आल्या.

"काय लिहितोस? वाच."

वाचलं.

"मला विचारलंस?"

"ताई, तुम्ही घरीच असता. तेव्हाही असायचात."

"कोण घरी? सकाळी शाळेत झाडलोट, तीननंतर दवाखाना. मधे जेवायला यायचे मी."

"म्हणजे सव्वादोन ते तीन..."

"जेवायचे. अजून काय? ती मांडीत. अर्धी भाकरी तिची, अर्धी माझी. कधी झोपली की हात अडकायचा, मग तसंच उपाशी जायचं. तुला दार उघडं दिसायचं ना? म्हणून ताई मोकळी!"

मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडणारा माणूस मी. समोरच्या दारातलं पकडलं नाही.

कलम ५, नव्याने. खोली मुलांसाठीच. सांभाळणारी बाई पगारी असेल. पगार गाळ्याच्या कमाईच्या चौथ्या हिश्शातून, वर आईबापांना जमेल तेवढं. तिला रोज सव्वादोन ते तीन जेवणाची सुट्टी. त्या वेळात तिच्या मांडीत कोणी मूल ठेवणार नाही. तो पाऊण तास मुलांपाशी मी बसेन. डॉक्टर सोडेपर्यंत आणि माझ्यामागे, प्रबुद्ध. हात धुऊन. मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं हे मी जाणतो. पण राजीनामा तोवर थांबणार नाही. सबब खोली मी हयातीतच, सोमवार १ डिसेंबरला उघडतो. इथे फक्त पक्कं करतो.

कलम ६. शिलाई मशीन ताईंना द्यायचं होतं. त्या म्हणाल्या, सही मीच करणार. मी सांगितलं, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्या म्हणाल्या, "मग त्यात नवीन काय?" मशीन आत्ताच त्यांच्या घरी नेऊन ठेवलं आहे.

दातारांनी सहीआधी विचारलं, "वाकोडे, यात माझं नाव आहे?" म्हटलं, "आहे." "बरं की वाईट?" म्हटलं, "वाचा." वाचून त्यांनी सही केली.

ठिकाण : नाहूर. दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५.
लिहून देणार : अंबादास किसन वाकोडे
आम्हा दोघांसमक्ष सही केली :
१. निहार दातार
२. द्रौपदी शेजवळ
सह्यांची वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. अडीचला सगळं तयार होतं. ताईंचं जेवण होईपर्यंत थांबलो.