बारमाही ताजे अंजीर

गारखेडा, ४ मे २०२५

ती. आत्यास, तनुजाचा शि. सा. न.

फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं अन् उरलेलं तू मनानं जुळवतेस, म्हणून कडुबाच्या रिक्षातून ही चिठ्ठी. आमच्या निशाचा, म्हणजे नणंदेचा, साखरपुडा अठराला ठरला. मामंजींनी भर बैठकीत जाहीर केलं, केक आमच्या सूनबाईचा, अंजिराचा! पाहुण्यांना आवडला तर समोरची खोली मला केकच्या दुकानाला, नाहीतर शिकवणीवाल्याला भाड्यानं. किती दिवस त्या खोलीवर डोळा आहे माझा, तुला ठाऊकच आहे. तुझ्या झाडांवर काही उरलंय का? नसेल तर सुके किती घालू?

माया आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझी तनुजा

पडेगाव, ६ मे

चि. सौ. तनुजास अ. आ.

झाडावर आता नुसती पानं, अन् पानांवर धूळ. सुके घाल की! किलोला किलो, त्यात काय अक्कल लागते? केक मी केला नाय कधी, पण अंजीर जन्मभर पाहिलेत. शिकवणीवाल्याला खोली दिली तर मी तिथं येऊन भांडीन, सांग तुझ्या सासऱ्याला. नको, सांगू नको.

घरात सगळ्यांना विचारलं म्हण. जिवाला जप.

साळूआत्या

गारखेडा, ९ मे

ती. आत्यास सा. न.

तुझ्या किलोला किलोनं माझा घात केला! त्या सुक्या अंजिरांनी पिठातलं सगळं दूध पिऊन टाकलं. केकमध्ये सुरी अडकली. मामंजींनी एक तुकडा तोंडात धरला अन् शिकवणीवाल्याचा नंबर मागितला. मी रडले, खोटं कशाला सांगू.

मग डोकं लावलं. ताजे किलोभर लागायचे तिथं सुके पावच घेतले, कोमट पाण्यात चांगले फुगेस्तोवर भिजवले, ते पाणीही पिठातच घातलं, साखर कमी केली. आजचा केक मऊ आलाय. देवाला हात जोड.

रागावले तरी तुझीच,
तनुजा

गारखेडा, २८ मे

ती. आत्यास सा. न.

केक जिंकला! निशाच्या होणाऱ्या सासूबाईंनी दोनदा मागून घेतला अन् विचारलं, ऐन मे महिन्यात असे अंजीर कुठं मिळाले? सुके भिजवलेत म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर मामंजी म्हणाले, आमच्या सोयऱ्यांच्या बागेतले, पडेगावचे, आज पहाटे तोडलेले.

खोली मिळाली. पाटीही मामंजींनीच रंगवून आणली: ‘पडेगावच्या ताज्या अंजिरांचा केक, बारमाही’. काल त्या सासूबाई दुकान बघायला आल्या, तेव्हा मी धीर करून खरं सांगून टाकलं. मामंजी मोठ्यानं हसले, म्हणाले, आमच्या सूनबाईला थट्टेची लई सवय. त्याही हसल्या, लग्नाच्या केकची ऑर्डर दिली अन् म्हणाल्या, बाग बघायचीय. मामंजींनी रविवार देऊन टाकला! आता तिथं खोटं उघडं पडलं तर मामंजींची मान खाली जाईल अन् माझं दुकान दुसऱ्या दिवशी बंद. पाया पडते, काहीतरी कर.

घाबरलेली,
तनुजा

पडेगाव, ३० मे

चि. सौ. तनुजास अ. आ.

रडू नको. खरं सांगून बघितलंस ना, कुणी ऐकलं का? भिजवायचं असतं हे मला ठाऊक होतं, तुला सांगावं लागेल हे ठाऊक नव्हतं. येऊ दे सगळ्यांना. दोन किलो सुके आणून भिजत घातलेत, सुईदोरा काढून ठेवलाय. खालच्या फांद्यांना हात पुरतो, वरच्यांना शेजारची करुणा शिडी देणार आहे. रंग उतरलेला दिसला तर उन्हाचं नाव सांगू. पाहुण्यांना एवढंच बजाव, आमच्यात अंजीर नुसते बघतात, तोडत नाय.

माया पातळ होऊ देऊ नको. येताना काळा दोरा आण, माझ्याकडं पांढराच आहे.

साळूआत्या