आबांच्या खिशातली खीळ

निरवांगी, मे १९९४, गुरुवार संध्याकाळ

बाभळीची ती छोटी गाडी मी आणि आबांनी मिळून तासली. चाकाची खीळ तर त्यांनीच ठोकली, "आता निघत न्हाय बघ," म्हणाले. आज कॅनॉलच्या उतारावर आत्याच्या बाळूबरोबर शर्यत लावली. मी पुढं होते आणि चाकच निखळलं. बाळू जिंकला. आबांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी मात्र उतारावर खीळ शोधत बसले, माझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून.

मगाशी आबांचा सदरा भिजवायला घेतला, तर खीळ खिशात!

"आबा, ही?"

"भाचा हाय माझा. मामाच्या घरी येऊन त्यानं हरायचं व्हय?"

आणि मी कोण? मी शोधत होते तेव्हा जवळ येऊन यांनीच विचारलं होतं, "घावली का गं?"