टाळ्या मिळालेला घाव

दादा,

काल लेकीने फोनवर आपला जुना टीव्हीवरचा रॉकचा कार्यक्रम लावला. तू गात होतास, मी ड्रमवर होते. माझा एक ठोका चुकला आणि तू गळ्यातली गिटार काढून माझ्या जबड्यावर हाणलीस. रक्त ड्रमवर उडालं. लोकांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"मामा कसला भारी! आई, खरंच लागलं होतं?"

वीस वर्षं मी सगळ्यांना "नाटक होतं ते" असंच सांगत आले. काल मात्र खोटे दात काढून तिच्या हातावर ठेवले. ती ढसाढसा रडली.

सोमवारपासून तू तिला गिटार शिकवणार होतास ना? हे पत्र मी टाकणार नाही. तू ये. दार अडवून मी उभी असेन.

तुझी धाकटी बहीण