माडीचा लाल रंग

९ जानेवारी २०२४, मंगळवार. सकाळी सव्वासहा.

मोज्यांवर दुसरे मोजे चढवत होतो, तेवढ्यात आईने तो कागद पुन्हा पाहायला मागितला. विमानतळावर मिळालेला. मी तो पिशवीत, पासपोर्टच्या मागे ठेवलाय. तिने उभ्याउभ्याच वाचला, चार घड्या केल्या आणि म्हणाली, निम्फा मावशीला हा दिसता कामा नये.

कागदावर लिहिलंय की देशात आल्यापासून तीस दिवसांच्या आत आरोग्य खात्याला कळवायचं. या प्रकाराचं नाव — वैद्यकीय पाळत. 'सर्व्हेलन्स' हा इंग्रजी शब्द डिक्शनरीत दोनदा पाहिला, स्पेलिंग लिहून लिहून पाठ केलं. मधे दोन 'एल' आहेत, एक हमखास सुटतो. अर्थ मात्र दोन्ही वेळा तोच निघाला. पाळत! आमच्या गावात पाळत कोंबडीचोरांवर ठेवत.

मनिलातल्या तपासणीत छातीच्या फोटोत उजवीकडे वर एक डाग दिसला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, जुना आहे, झोपलेला आहे, जा तू. म्हणून आलो. आता इथल्यांना स्वतः पाहायचंय, झोपलाय की डोळे मिटून पडलाय.

आई वृद्धाश्रमात कामावर गेली. बाहेर विनिपेगमध्ये उणे एकोणतीस. खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरलाय. आमच्या गावी, समार बेटावर, या वेळी आजोबा माडावर असायचे.

१० जानेवारी

फोन केला. बोलायचं ते आधी लिहून काढलं होतं, तरी जन्मतारीख चुकीची सांगितली. मग दुरुस्त केली. १६ तारीख, सकाळी दहा.

१२ जानेवारी, शुक्रवार

आईने भात आणि सुका मासा केला. काटे काढून काढून मासा माझ्या ताटात ठेवत होती. मी एकवीस वर्षांचा आहे हे तिला ठाऊक आहे, तिच्या हातांना नाही. मनिलाचा कारखाना सोडून ती घरी आली होती; परदेशी गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आधी हाँगकाँग, मग विनिपेग. सतरा वर्षांत तीनदा घरी आली. मी खात राहिलो.

निम्फा मावशी नात्याची नाही; आईबरोबर त्याच वृद्धाश्रमात काम करते, आतली खोली तिची. दारातूनच म्हणाली, "पेर्ला, आता चावूनपण दे त्याला."

सुक्या माशाच्या वासाने आजोबाच समोर येऊन बसले. माडावरून उतरले की खांद्यावरचा बांबूचा नळा काढायचे, माडीत खारफुटीच्या सालीची पूड टाकून ढवळायचे. पांढरी माडी बघता बघता लाल व्हायची. मग सगळंच लाल — बोटं, नखं, नळा, अंगणातली माती. माडी ते चाखायचे फक्त, पीत नसत. मला बोट बुडवून चाटायला द्यायचे. त्यांचं पाणी प्यायचं भांडं वेगळं होतं, खिळ्याला उलटं टांगलेलं. त्याला कोणी हात लावायचा नाही. मला वाटायचं, घरातल्या मोठ्या माणसाचा हा मान असतो.

चढताना अर्ध्या माडावर थांबायचे. बराच वेळ. मी खालून विचारायचो, काय दिसतंय? ते म्हणायचे, "तुझ्या आईचं जहाज." मग मी समुद्राकडे बघत बसायचो आणि ते वर जायचे.

१५ जानेवारी

भांडी विसळताना आई म्हणाली, उद्या विचारतील घरात कोणाला टीबी होता का. नाही म्हण.

मी म्हटलं, आजोबांची फुप्फुसं कमजोर होती, ते सांगू का?

"कमजोर फुप्फुसं म्हणजे टीबी नव्हे."

मग नळ बंद करून, पाठमोरीच: एप्रिलमध्ये तिची नागरिकत्वाची शपथ आहे. जुन्या कागदांवर तिनेही 'कोणाला नाही' असंच लिहिलंय. "आणि मी म्हाताऱ्या माणसांना हाताने भरवते, रोडेल. एवढं लक्षात ठेव."

झोप नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

गेलो. वीस मिनिटं आधी पोचलो, म्हणून बसथांब्यावर उभा राहिलो. नाकातले केस गोठले.

नर्सचं नाव व्हर्ना. रुंद चेहरा, पांढरी वेणी. ती इथल्या मूळच्या लोकांपैकी, उत्तरेकडच्या तळ्याकाठची. सावकाश बोलते, त्यामुळे सगळं समजलं. मी पहिलाच प्रश्न विचारला, मला परत पाठवणार का? ती म्हणाली, पाठवायचं असतं तर येऊच दिलं नसतं. वरती फक्त एवढंच कळवतात की हा मुलगा सांगितल्याप्रमाणे आला होता. बाकीचं तिच्या कपाटात राहतं.

खोकला? नाही. रात्री घाम? नाही. वजन? कमी झालंय, पण ते इथल्या पावामुळे.

घरात कोणाला टीबी?

नाही म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण अर्धवट उत्तर मला सोसत नाही. म्हणालो, आजोबांची फुप्फुसं तेवढी कमजोर होती. तिचं पेन थांबलं. कमजोर म्हणजे कशी? मी म्हणालो, जन्मापासून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं. 'नाही' लिहिलं होतं.

बेडका पडेना, म्हणून एका काचेच्या खोलीत बसवलं आणि नळीतून खारट वाफ ओढायला लावली. डोळे मिटले. नाका-तोंडात समुद्र शिरला! ओहोटीनंतरचा, खारफुटीतला, चिखलाच्या वासासकट. खोकताना रडू आलं. व्हर्ना काचेपलीकडून म्हणाली, छान, असंच कर. तिला वाटलं वाफेमुळे.

उरलेले दोन नमुने घरी घ्यायचे. उठल्या उठल्या, चूळ न भरता.

१८ जानेवारी

व्हायचं तेच झालं. नमुन्याच्या डब्या फ्रिजमध्ये, खारवलेल्या कोळंबीच्या बरणीमागे, तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवल्या होत्या. निम्फा मावशीने कोळंबी काढायला हात घातला.

ओरडली नाही. पिशवी दोन बोटांत धरून टेबलाशी आली. मावशी खुर्चीत बसली, डबी दिव्यासमोर धरून तिने चिठ्ठी वाचली. माझं नाव, तारीख, वेळ. मग म्हणाली, अक्षर सुंदर आहे तुझ्या मुलाचं.

आई म्हणाली, तू दुसरीकडे खोली बघणार असशील तर...

"कशाला? माझ्या थोरल्या भावाची फुप्फुसं कमजोर होती. शेजारणीची होती. आमच्या पाद्रीबुवांची होती. पेर्ला, आपल्याकडे भक्कम फुप्फुसं आहेत कोणाची?" आणि मला म्हणाली, "तू खोकत नाहीस, शिंकत नाहीस, घाबरतोस मात्र सगळ्या वॉर्डाचं मिळून."

पिशवी जागेवर ठेवली, हात धुतले आणि कोळंबी परतायला घेतली.

२५ जानेवारी

व्हर्नाचा फोन. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नाही. पण जंतू वाढवून बघतात, त्याला आठ आठवडे. तोवर कामावर जायला हरकत नाही.

आईला सांगितलं. तिने डोळे मिटले, क्रुसाची खूण केली. मग म्हणाली, आठ आठवडे खूप असतात.

११ फेब्रुवारी, रविवार

चर्चच्या तळघरात जेवण होतं. आपल्या सगळ्या बायका, मोठमोठी पातेली. मी म्हाताऱ्यांचे हात कपाळाला लावत, आमच्या रीतीने नमस्कार करत फिरलो. एकीने माझा चेहरा धरला, म्हणाली, पेर्लाचा मुलगा ना? फार वाळलास, काही आजार नाही ना? मी हसलो. आई लांबून बघत होती.

घरी येताना बसमध्ये तिने पहिल्यांदाच आपण होऊन आजोबांचा विषय काढला. शेवटच्या दिवसांत काय खात होते, विचारलं. मी सांगितलं, पेज. आणि कधीकधी पिकलेलं केळं कुस्करून. मी भरवत होतो. शाळा तेव्हाच सुटली, नववीत. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. काच धुक्याने भरलेली होती, दिसण्यासारखं बाहेर काही नव्हतं.

१ मार्च

गोदामात काम मिळालं. खोकी उतरवायची. खोक्यांवरच्या स्पेलिंगच्या तीन चुका दाखवल्या, मुकादम म्हणाला चिठ्ठ्या तूच लिही.

१२ मार्च, मंगळवार

निकाल आला. जंतू वाढले नाहीत. डाग जुना, झोपलेला. व्हर्ना म्हणाली, पाळतीपुरतं तू तुझं काम चोख केलंस.

पण झोपलेला उठू नये म्हणून चार महिने गोळ्या घ्यायला सुचवते. रोज एकदा, उपाशीपोटी. मी लिहून घेत होतो. ती म्हणाली, आणि एक — लघवी लाल-केशरी होईल. घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. घाबरून पळत येऊ नकोस, गोळ्यांचाच रंग तो.

माझं लिहिणं थांबलं.

केळीच्या मागची जागा. मी सहा वर्षांचा असेन. आजोबा पाठमोरे उभे, आणि मातीत लाल धार. मी हसून हसून लोळलो होतो. ते वळून म्हणाले होते, "काल माडी जास्त झाली. मामाला सांगू नकोस हं." एक पावसाळा तसं चाललं होतं. सकाळी उठलो की मी मागे जाऊन बघायचो, आज लाल आहे का! मग एके दिवशी नव्हतं. त्यानंतर कधीच नाही. मी हिरमुसलो होतो.

आणि माडी तर ते पीत नसत.

व्हर्नाने पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाली, गोळ्या आजच देते, पण त्याआधी परत एकदा विचारते. घरात कोणी या गोळ्या सुरू करून मधेच सोडल्या असतील तर तो रोग यांना जुमानत नाही. मग तुला वेगळ्या द्याव्या लागतील. चुकीच्या दिल्या तर चार महिने फुकट, आणि तो उठला तर आवरायला कठीण.

मी पेला हातात फिरवत राहिलो.

ती म्हणाली, "माझ्या आजीला बोटीत घालून दवाखान्यात नेलं. परत आली नाही. घरात आम्हाला सांगायचे, तिची छाती नाजूक होती. मी नर्स झाल्यावर मला कळलं." खुर्ची मागे सरकवली. "पुढच्या मंगळवारी ये. गोळ्या तेव्हाच देईन."

१४ मार्च

आईला सांगितलं. लाल धारेचंही. ती गणवेशाला इस्त्री करत होती. इस्त्री उभी केली.

मग एकेक निघालं, मामाने तेव्हा तिला हाँगकाँगला फोनवर सांगितलेलं. गोळ्या सरकारी, फुकट. पण रोज आरोग्य केंद्रात जाऊन नर्ससमोर गिळाव्या लागायच्या. केंद्र बाजारात. आजोबा दोन महिने पहाटे अंधारात जायचे. मग कोणीतरी पाहिलं. क्षयाच्या माणसाच्या हातची माडी कोण पिणार? त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं तुटली. आजोबांनी केंद्रात जाणं सोडलं, आणि विचारणाऱ्याला सांगायला लागले की फुप्फुसं कमजोर आहेत, जन्मापासून. त्याच माडीवर मी वाढलो.

म्हणजे 'जन्मापासून' हेही त्यांचंच. मी तर समजलो होतो की ते खोटं मी रचलं.

मी म्हटलं, नर्सला सांगायला हवं.

"त्यांनी जन्मभर झाकलं, ते तू तिथे जाऊन लिहून देणार?"

"आजोबांना आता माडी कोण मागणार आहे, आई?"

"मला विचारतील ना," ती म्हणाली.

मी म्हटलं, व्हर्ना म्हणाली होती, ते तिच्या कपाटात राहतं. आई म्हणाली, कपाटं उघडतात. इस्त्री थंड झाली होती, तरी ती फिरवत राहिली.

१६ मार्च

निम्फा मावशी दोघांना वेगवेगळं वाढते. म्हणते, तुमच्या मधे बसून माझं सूप निवतं.

१७ मार्च, रविवार

आई चर्चला गेली नाही. मी ठरवलंय. सगळं सांगायचं — दोन महिने घेतल्या, मग सोडल्या, पावसाळ्यात. आजोबांचं पूर्ण नाव नीट लिहून द्यायचं. फ्रान्सिस्को. मधे 'सी', 'के' नाही.

त्यांच्याविषयी वाईट वाटतच नाहीये, नवल आहे. ते अर्ध्या माडावर मिठी मारून उभे आहेत, दम परत यायची वाट बघत, आणि खालच्या पोराने भिऊ नये म्हणून जहाज दाखवतायत — एवढंच सारखं दिसतं. आता मला ते चित्र जहाजापेक्षा जास्त आवडतं.

रात्री आईला म्हटलं, मंगळवारी मी सांगणार. तिने मान हलवली. होय की नाही, कळलं नाही.

१९ मार्च, मंगळवार

आईने रजा घेतली होती. बरोबर आली.

मी बसतानाच म्हटलं, घरात टीबी होता, ते सांगायला आलोय. व्हर्नाने कागद पुढे ओढला आणि विचारलं, घरात सगळ्यात आधी कोणाला झाला होता? मी आजोबांचं नाव सांगायला तोंड उघडलं. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"मला," ती म्हणाली. "मनिलाच्या कारखान्यातून घरी आले तेव्हा. वडिलांना माझ्यापासून झाला."