न वाचलेली तीन पानं

तात्या, यंदा आमच्या संस्थेला तिसरी खोली मिळाली. तुम्ही आला होतात तेव्हा दोनच होत्या, एकीत पुस्तकं आणि दुसरीत आम्ही. मी संचालक झाले तेव्हाही दोनच होत्या. ही तिसरी म्हणजे भूगोल विभागाची अडगळ. पृथ्वीचे दोन मोडके गोल आणि पाय तुटलेली बाकं बाहेर काढून आमच्या शिपायानं ती धुतली, आणि मी किल्ली हातात घेऊन उगाचच दारात उभी राहिले. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात ‘संस्थेची वाढ’ असा एक रकाना असतो. इतकी वर्षं मी त्यात काहीतरी गुळमुळीत लिहून वेळ मारून नेत होते. यंदा लिहायला भरपूर आहे. पण ही सगळी वाढ द्राक्षांमुळे झाली, आणि द्राक्षांच्याच बाबतीत मी तुमच्याशी खोटं बोलले होते, हे काही त्या रकान्यात बसत नाही. म्हणून हे वेगळं लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली.

मी युरोप अभ्यास संस्थेत नाव घातलं तेव्हा गावात, कुंडलमध्ये, तुमची काय पंचाईत झाली असेल, ते मला आता कळतं. दुसऱ्यांच्या मुली डीएड करत होत्या, नाहीतर मिरजेला नर्सिंगला जात होत्या. तुमच्या मुलीचं काय, ते सांगायला तुमच्याकडे धड शब्दही नव्हता. “पोरगी युरोपचं शिकतीया,” तुम्ही सांगायचात. “मंग जानार काय तिकडं?” “न्हाई, हितंच बसून शिकतीया.” पारावर यावर हशा पिकायचा आणि तुम्हीही त्यात सामील व्हायचात. मला मात्र राग यायचा. मला वाटायचं, तुम्ही त्यांना ठणकावून सांगायला हवं. काय सांगायला हवं, हे मलाही माहीत नव्हतं म्हणा. पण मी जर्मन शिकले, आणि त्याचा तुम्हाला एकदाच उपयोग करून घ्यावासा वाटला.

माझ्या प्रबंधाच्या वर्षाची दिवाळी होऊन गेलीय. तुम्ही दोन एसट्या बदलून संस्थेत आला आहात आणि विद्यापीठाच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसला आहात. पांढरा सदरा, टोपी, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत एक हिरवा घड आहे, मला दाखवायला आणलेला. “मनी हरभऱ्याएवढं झाल्यात,” तुम्ही म्हणता, आणि खरंच एकेक मणी हरभऱ्याएवढा आहे. यंदा तुम्ही आणि शेजारच्या रानातले आप्पा, आणखी तिघांना घेऊन, पहिल्यांदाच माल युरोपला पाठवणार आहात. तिकडच्या खरेदीदाराचा कागद आलाय, चार पानांचा, जर्मनमध्ये. व्यापारी म्हणाला, नेहमीच्या अटी आहेत. तुमचा त्याच्यावर विश्वास नाही, माझ्यावर आहे. “एवढं बगून दे की. लय न्हाई, चारच पानं हायती.” मी उभ्या उभ्या पहिलं पान वाचते. त्यात नमस्कार चमत्कार आहेत, खोक्यांची मापं आहेत, घडाचं वजन आहे. बाकीची पानं मी नुसती चाळते. “नेहमीचंच आहे, तात्या. वेगळं काही नाही.” तुमचा जीव भांड्यात पडतो. कागद परत घेत नाही तुम्ही. “तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे, मला काय कळतंय त्यातलं,” म्हणता.

पुढं काय झालं ते तुम्हाला मी काय सांगणार. माल तिकडं पोचला आणि तपासणीत नाकारला गेला. फवारणीच्या औषधाच्या एका भुकटीचा अंश सापडला. पाच बागांचा माल होता तो, आणि चौघांनी तुमच्या शब्दावर पाठवला होता. मला वसतिगृहात फोनवर कळलं. मी खोलीत जाऊन तो कागद काढला आणि चारी पानं पहिल्यांदा वाचली. तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, की वेली फुलोऱ्यात आल्यापासून पुढं तोडणीपर्यंत ही भुकटी मारायची नाही. तुम्ही भेटून गेल्यावर तिचीच फवारणी झाली होती. शनिवारी घरी आले ती सगळं सांगायचंच असं ठरवून आले. आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही माझ्या समोर पाटावर बसून जेवत होतात. व्यापारी सगळ्यांना सांगत सुटला होता की कागदात सगळं होतं, यांनीच पाहिलं नाही. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून मला विचारलंत, “पोरी, त्यात न्हवतंच ना तसलं काय?” मी म्हणाले, “नव्हतं.” तुम्ही तुकडा तोंडात घातलात आणि आईला म्हणालात, “बग, मी म्हनलं न्हवतं?”

त्या एका ‘नव्हतं’वर तुम्ही पुढची सगळी वर्षं काढलीत. व्यापाऱ्याशी भांडलात, त्या चौघांची समजूत घातलीत, जो भेटेल त्याला सांगितलंत की माझ्या पोरीनं कागद वाचलाय, त्यात नियम नव्हताच, त्यांनी तो मागनं घातला. परत बाहेर माल पाठवला नाहीत. सगळी बाग बेदाण्याला लावलीत. बेदाणाही चांगलाच करायचात तुम्ही, पण बाहेर जाणाऱ्या मालाची गाडी रस्त्यानं दिसली की मान फिरवायचात, ते मी पाहिलंय. मला दर सुट्टीत वाटायचं, आता सांगू. मग तुम्ही कुणाला तरी माझी ओळख करून द्यायचात, आणि माझं सांगायचं राहून जायचं. तुम्ही गेलात त्या वर्षी मला नुकतीच नोकरी लागली होती. नंतर वाटलं, सुटले. तसं सुटता येत नाही, पण वाटलं खरं.

आता यंदाचं. गेल्या उन्हाळ्यात कुलसचिवांचं पत्र आलं, की पुरेसे विद्यार्थी नसतील तर संस्था इतिहास विभागात विलीन करू. आमच्याकडे चार विद्यार्थी होते. त्यातल्या एकाला फक्त वसतिगृहातली खोली हवी होती, आणि ते त्यानं पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि त्याच आठवड्यात आप्पांच्या सुनेचा फोन आला. आप्पांची बाग आता तीच बघते आणि गेली दोन वर्षं बाहेर माल पाठवते. आप्पांना ते पसंत नाही, पण तिच्यापुढं त्यांचं काही चालत नाही. “ताई, तिकडचा नवा कागद आलाय,” ती म्हणाली. “मोबाईलवर मराठी केलं, तर द्राक्ष झोपल्यावर फवारू नये आसं आलंय. आता द्राक्ष कवा झोपतंय ते मी कुनाला इचारू?” मी इतकी हसले की बाहेरून शिपाई डोकावला. मग माझं हसू जागच्या जागी थांबलं. म्हटलं, मला सगळी पानं पाठव. सगळी. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून कुंडल गाठलं.

तिथून रविवारचा वर्ग सुरू झाला, आप्पांच्या बेदाणा शेडमध्ये. पावसाळ्यात शेड रिकामीच असते. दोन्ही बाजूंना द्राक्षं वाळवायच्या जाळ्यांचे मजले आणि मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी. पहिल्या रविवारी सातजण आले, दिवाळीपर्यंत बसायला जागा पुरेना. नियम ब्रुसेल्समध्ये कोण करतं, एखादं दुकान कायद्याहून कडक अट का घालतं, कोणती अट बदलून मागता येते आणि कोणती नाही, हे सगळं मी तिथं शिकवलं. वाचनालयातली जी पुस्तकं कुणी हातात धरत नव्हतं, ती वेलीला तार बांधणाऱ्या माणसांना समजावून सांगताना मलाच नव्यानं समजली. त्यांच्यातल्या तिघांच्या मुलींनी आमच्याकडे प्रवेश घेतला. जर्मनीत नोकरी मिळते म्हणून मिरजेहून नर्सिंगच्या मुली भाषा शिकायला येऊ लागल्या. विद्यापीठानं वर्गाला मान्यता दिली, विलीन करायचं पत्र मागं घेतलं, आणि ती तिसरी खोली दिली. माझं कौतुक झालं, तात्या. गळ्यात हार घालून फोटो काढला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आप्पा मात्र एवढे महिने शेडच्या दाराबाहेर बाजेवर बसून होते. आत पाऊल टाकलं नाही त्यांनी. “तुमचं चालू द्या, मी हितंच बरा हाय,” म्हणायचे. जानेवारीत, तोडणी तोंडावर आली असताना, शेवटचा वर्ग होता. सुनेनं आग्रह करून त्यांना आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि चार शब्द बोला म्हटलं. आप्पा उठले. वय ऐंशीच्या पुढं, पण आवाज खणखणीत. “तुमी शिकलासा ते चांगलं झालं,” ते म्हणाले. “पर माजं एक ध्यानात ठिवा. त्यांच्या कागदावर इस्वास टाकू नगा. हिचा बा आन् मी, आमी पाच जनांनी माल धाडला हुता. कागद हिनंच वाचला हुता, ही काय समोर हाय, इचारा की. त्यात कायबी न्हवतं. माल गेल्यावर म्हनत्यात, ह्ये औषिद चालत न्हाई! मागनं नियम काढत्यात ते, गड्याहो. तवा कागद किती बी पाळा, त्यांना जे करायचं ते करत्यात.” पुढं बसलेल्या एकानं वही मिटली. मागून कुणीतरी म्हणालं, “व्हय, माजा बा बी ह्येच सांगतो.” आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी हसून वेळ मारून नेऊ शकले असते. ‘तेव्हाचं वेगळं होतं, आप्पा’ असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तोडणीला महिनाही उरला नव्हता. पावसाळ्यापासून त्यांच्याकडून एकेक ओळ पाळून घेतली होती, आणि ती सगळी आता माझ्याच जुन्या खोट्यानं वाया जायची वेळ आली होती. उलट मी खरं बोलले तर उद्यापासून यातला एकही माणूस माझ्याकडून कागद वाचून घेणार नाही, आणि तुम्ही उभ्या गावाशी खोट्यासाठी भांडलात असं होईल, हेही मला दिसत होतं. मी म्हणाले, “आप्पा, मी तो कागद वाचला नव्हता. पहिलंच पान वाचलं. औषधाचं तिसऱ्या पानावर होतं. नंतर तात्यांनी विचारलं तेव्हा मला ठाऊक होतं, आणि मी नाही म्हणून सांगितलं. तात्यांची काही चूक नव्हती, आणि तिकडच्या लोकांचीही नव्हती. मला त्या दिवशी प्रबंधाची गडबड होती, वेळ नव्हता.”

आप्पांनी विचारलं, “काय लिवलं हुतं तिसऱ्या पानावर?” मी सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हंजी नियम पयल्यापास्नंच हुता.” मी म्हणाले, “व्हय.” त्यांनी खुर्चीला टेकवलेली काठी उचलली. मग म्हणाले, “तुझा बा तुझ्यापायी समद्यांसंगं भांडला गं. माज्यासंगंबी.” आणि काठी टेकत बाहेर गेले. मला रडू आलं. चाळीस बागायतदारांसमोर, संचालक बाई, पदर डोळ्याला लावून. सुनेनं चहा आणला आणि कप माझ्या हातात देऊन शेजारी बसली. मग ती सगळ्यांना म्हणाली, “काडा रं कागद. आपलीबी समदी पानं परत एकदा वाचून घिऊया.” ज्यानं वही मिटली होती त्यानंही ती उघडली. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुसऱ्या पानावर आले तेव्हा दाराबाहेरून, बाजेवरून आप्पा ओरडले, “जरा मोठ्यानं वाच की. हितं काय ऐकू येत न्हाई.”

त्याला आता तीन आठवडे झाले. तोडणी सुरू आहे. आईला दुसऱ्याच दिवशी कळलं असणार, कारण तिनं फोनवर यंदाच्या हुरड्याबद्दल फार वेळ बोलून घेतलं आणि शेवटी म्हणाली, “जेवत जा येळंवर.” मी अहवाल लिहायला बसले होते आणि त्याऐवजी हे लिहून झालं. हे पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. पण तुम्हाला लिहितेच आहे तर एवढं राहायला नको. वर्गात मी प्रबंधाची गडबड होती म्हणाले, तेही खरं नव्हतं. त्या दिवशी मला काहीच काम नव्हतं, तात्या. माझ्या दोन मैत्रिणी वाचनालयातून बाहेर येत होत्या, आणि त्या पायऱ्यांपर्यंत पोचायच्या आत मला तुम्हाला तिथून उठवायचं होतं.